उमाजीचा 'हो'

ग्वाल्हेरच्या लश्कर भागात, टोपी बाजारात, उमाजी जगदाळेचं दुकान शोधायला पाटी वाचावी लागत नाही. दोन्ही अंगाला टोप्या, पगड्या नि कापडाची दुकानं, आणि मधे एका दारात स्पीकरची रिकामी खोकी एकावर एक चढवलेली, ते त्याचं. आत उमाजी बसला की दुसऱ्याला स्टूल आणि तिसऱ्याला उंबरा.

उमाजीचा बाप संस्थानाच्या पलटणीत बिगुल वाजवायचा. पलटण मोडली, बिगुल जमा झाला, बाप शहरालगतच्या मुरारला एका गोदामावर पहारा करायला लागला. पण आवाजाची शिस्त घरात राहिली. आतल्या खोलीत भांडं पडलं तर बाप बाहेरनं विचारायचा, "पितळेचं पडलं का लोखंडाचं?" आणि उत्तर चुकलं तर जेवण उशिरा मिळायचं. उमाजीचा कान असा तयार झाला, मार खाऊन आणि भुकेनं. पुढं बाड्याच्या चौकातल्या एका रेडिओवाल्याकडं काम शिकला. काचेच्या व्हॉल्व्हचे रेडिओ गेले, ट्रान्झिस्टर आले नि तेही गेले. उमाजी ॲम्प्लिफायरला चिकटून राहिला. भजनी मंडळं, कथा, गणपती, ताजिये, लग्नं, लश्करातला सगळा मोठा आवाज त्याच्या हाताखालनं जायचा.

त्याची एक रीत होती. काम झालं की तो माइकसमोर बोलायचा नाही, गायचा नाही. कमरेचा चाव्यांचा जुडगा काढायचा, माइकपुढं धरून हलवायचा आणि डोळे मिटायचा. जुडग्यात दुकानाची चावी, घराची चावी, कपाटाच्या बारक्या चाव्या, आणि ज्यांची कुलपं कधीच हरवली अशा चार-दोन. उमाजी म्हणायचा, माणसाच्या आवाजावर भरवसा ठेवू नये. तो कसाही आला तरी आपण समजून घेतो. चाव्यांना कुणी समजून घेत नाही. प्रत्येक चावी वेगळी वाजली पाहिजे. नाही वाजली तर वरच्या पट्टीचा आवाज थोडा चढवायचा, एखादा कंडेन्सर बदलायचा, परत जुडगा हलवायचा. मन भरलं की डोळे उघडून एवढंच म्हणायचा, "हो."

हा 'हो' लश्करात चालायचा. कुणी नवा ॲम्प्लिफायर आणला तरी आधी उमाजीला ऐकवायचे. मंडळात आवाजावरनं भांडण लागलं तर कुणीतरी विचारायचं, "उमाजीनं हो म्हटलंय का?" म्हटलं असेल तर भांडण तिथंच मिटायचं. कुणाकडं जमीन असते, कुणाकडं सरकारी नोकरी असते. उमाजीकडं हा एक 'हो' होता. त्याच्यावर पोरगी उजवली, त्याच्यावर घराला स्लॅब पडला. दुकानात मीटर होतं, पण त्याच्यावर धूळ. "मीटरला कान आहेत का?" असं तो विचारायचा, आणि त्याला उत्तर नको असायचं.

गेल्या हिवाळ्यात अश्लेषा आली. मुरारच्या एका बँकेत कामाला आहे, तिशी ओलांडलेली. दक्षिणेतनं, म्हणजे महाराष्ट्रातनं, येऊन दरबारात दप्तर सांभाळणाऱ्यांच्या घरातली. घरात पूर्वीपासनं गाणं, पण हिनं धरली गिटार, तीही ती विजेवरची, कडक, करकरणारी. रिक्षावाल्याला एका बाजूनं धरायला लावून तिनं एक काळं खोकं आत आणून टेकवलं.

"काका, तुम्ही व्हॉल्व्हचं काम करता ना?"

"दुसरं येतंय कुठं मला. हे काय आणलंस, तिजोरी?"

"गिटारचा ॲम्प आहे. दिल्लीच्या एका बँडकडून घेतला, त्यांचा बँड टूट गया. गेन वाढवला की सगळी खिचडी होऊन राहिली आहे. मतलब, सहा तारा मारल्या तर सहा ऐकू यायला पाहिजेत ना? एकच गोळा येतो."

"फाटतोय आवाज?"

"फाटतो तर आहेच."

"मग ठेव. फाटलेला आवाज शिवणं, हेच तर करत आलोय."

इथं पहिली गफलत झाली. गेन म्हणजे तारेचा बारीक आवाज एका व्हॉल्व्हमधनं दुसऱ्यात, दुसऱ्यातनं तिसऱ्यात मोठा करत न्यायचा, इतका की तो मावत नाही नि फाटतो. असलं वाजवणाऱ्याला तो फाटलेला आवाजच हवा असतो. उमाजीच्या लेखी फाटलेला आवाज म्हणजे रोग. उभ्या जन्मात त्यानं तोच बरा केला होता. त्यानं मधला एक व्हॉल्व्ह जवळजवळ झोपवलाच, आवाज स्वच्छ केला, चाव्या हलवल्या, 'हो' म्हटलं आणि अश्लेषाला बोलावलं.

तिनं गिटार जोडून तारा छेडल्या. गोल, सोज्वळ आवाज आला. तिनं तळहातानं तारा दाबून टाकल्या.

"काका, हा तर भजनाला बसायच्या लायक झाला."

"मग वाईट काय झालं?"

"मला भजनात नाही वाजवायचं ना. तो फाटायला पाहिजे."

"फाटायला पाहिजे?"

"पाहिजे. थांबा, ऐकवते." तिनं फोनवर कुठल्यातरी परदेशी बँडचं वाजवणं लावलं आणि फोन त्याच्या कानाशी धरला. उमाजी पहिल्यांदा तोंड वाकडं करून ऐकत होता. मग त्यानं फोन हातात घेतला आणि परत लावायला सांगितलं. सगळं फाटलेलं होतं, पण आत सूर जागच्या जागी होता, हलला नव्हता.

"म्हणजे कापड फाटकं चालेल," तो म्हणाला, "चिंध्या नकोत."

"बस, वही."

"आधी सांगायचं ना. एवढं धुऊन वाळत घातलं मी."

अश्लेषा हसली. खोकं परत आत गेलं.

ह्या खेपेला उमाजी मनापासनं लागला. म्हातारपणी नवं काम आलं की माणूस एक तर चिडतो नाहीतर तरणा होतो. हा तरणा झाला. मागची फळी काढायची, आत साठलेला करंट आधी उतरवायचा आणि मग बांबूची बारीक काडी घेऊन एकेक तार, एकेक व्हॉल्व्ह ठोकून बघायचा. पहिलाच व्हॉल्व्ह काडी लागली की काचेच्या पेल्यागत किणकिणायचा. तो बदलला. शेवटचे मोठे दोन व्हॉल्व्ह कुणीतरी उपाशी ठेवले होते, त्यांना हवा तेवढा करंट मिळत नव्हता, म्हणून आवाजाची कड खरबरीत येत होती. त्यांना बेतानं पाजलं. आणि खिचडीचं मूळही हातात आलं. जाड, खालचा आवाज पहिल्या व्हॉल्व्हमधे सगळाच्या सगळा घुसत होता आणि फाटला की त्याचा चिखल होत होता. उमाजीनं कंडेन्सर लहान घालून त्याला दारातच थोपवला आणि सगळं फाटून झाल्यावर शेवटी परत आत घेतला. चिखल गेला. ह्यात त्याची काही चूक नव्हती. असं काम ग्वाल्हेरात दुसऱ्या कुणी केलं असतं असं मला वाटत नाही.

पण त्याला वाटत राहिलं की वरनं घोंगडी पांघरल्यागत आवाज येतोय. मग निघाला जुडगा. माइक जोडून चाव्या हलवल्या. वेगळ्या वाजेनात. गेनच्या बटणावरनं वरचा आवाज परस्पर पुढं जाईल असा एक कंडेन्सर असतो, तो त्यानं मोठा घातला. थोडं उजाडलं. आणखी मोठा घातला. मग वरच्या पट्टीचं बटण शेवटापर्यंत फिरवलं. आता चाव्या त्याला एकेक करून मोजता आल्या असत्या. तो डोळे उघडून रिकाम्या दुकानाला म्हणाला, "हो."

शनिवारी दुपारी अश्लेषा आली तेव्हा उमाजीची बायको, मंदाताई, डबा घेऊन आलेल्या होत्या नि स्टुलावर बसल्या होत्या. अश्लेषा उंबऱ्यात उभी राहिली, गिटार गळ्यात अडकवली आणि तारांवर हात मारला.

सहा तारा सहा ऐकू आल्या, ही गोष्ट खरी. पण तिची मान खांद्यात गेली. मंदाताईंनी पदर कानावर घेतला. शेजारचा टोपीवाला दारातनं डोकावला नि मागं गेला. उमाजी भिंतीला टेकून डोळे मिटून बसला होता.

"कसं?" त्यानं विचारलं.

"छान झालंय, काका." हे म्हणता म्हणता तिचा हात खाली गेला आणि तिनं वरच्या पट्टीचं बटण हळूच उलटं, पार शून्यावर नेलं.

उमाजीनं डोळे तेवढ्यातच उघडले होते.

"छान झालंय तर ते का फिरवलंस?"

"असंच. सवय आहे."

"बेटा, खरं सांग."

अश्लेषानं मंदाताईंकडं बघितलं. मंदाताई डब्याकडं बघत होत्या.

"काका, सच बोलू? तो गोळा गेला, ते तुम्ही कमाल केली आहे. पण वरून असं वाटून राहिलंय की कुणी कानात दाभण घालतंय. माझे दात शिवशिवले."

"तुम्हा लोकांचे कान गेलेत. दिवसभर ते हेडफोन लावून हिंडता."

"असेल," ती म्हणाली. तिला भांडायचं नव्हतं.

"तिचे कान नाही गेले," मंदाताई म्हणाल्या.

"तू मधे बोलू नको. तुला काय कळतंय ॲम्प्लिफायरमधलं?"

"काही नाही कळत. तो जुडगा द्या इकडं."

उमाजीनं जुडगा दिला, चेष्टेवारी दिला. "घे. तू हो म्हण आता."

"तोंड भिंतीकडं करा."

"काय पोरखेळ लावलाय."

"करा म्हणते ना."

त्यानं तोंड भिंतीकडं केलं. मंदाताईंनी दुकानाची मोठी चावी मुठीत दाबून धरली, बारक्या तेवढ्या मोकळ्या सोडल्या, आणि त्याच्या उजव्या कानामागं हात नेऊन हलवायला लागल्या. किणकिण बाहेर गल्लीपर्यंत जात होती.

"हलव ना," उमाजी म्हणाला.

"हलवतेय."

तो हसला. मग त्यानं डोळ्याच्या कोपऱ्यातनं दाराकडं बघितलं, तर त्याला अश्लेषा दिसली. ती खाली फरशीकडं बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"परत हलव."

"थांबलेच नाही मी अजून."

उमाजीनं वळून बघितलं. चाव्या मंदाताईंच्या हातात नाचत होत्या. डोळ्यांना दिसत होत्या तशा त्या कानालाही थोड्याशा आल्या, खालची खडखड तेवढी. बाकी काही नाही. त्यानं हात पुढं करून जुडगा थांबवला, मुठीत धरला.

"कधीपासनं?"

"नातीनं पैंजण घातले, सगळ्या घरभर नाचली. तुम्ही विचारलंत, पोरीला पैंजण का नाही घातले. तेव्हापासनं मला ठाऊक आहे. बारशानंतरचं पुढलं वर्ष असेल."

"नात शाळेत जाते आता."

"हो."

"आणि सांगितलं नाहीस."

"काय सांगू? तुमच्या 'हो'वर घर चाललंय. तो मीच खोटा म्हणू?"

अश्लेषानं गिटार पिशवीत घातली. "काका, मी पुढच्या आठवड्यात येते. घाई नाही आहे," एवढं म्हणून ती गेली. जाताना तिनं खोकं नेलं नाही, हे बरं केलं. नेलं असतं तर उमाजीनं त्या दिवशी दुकानाला कुलूप लावलं असतं आणि मग ते उघडलं असतं की नाही, सांगता येत नाही.

कान एका दिवसात जात नाहीत. आयुष्यभर भोंग्यांच्या तोंडाशी बसून जे ऐकलं, त्यानंच वरचा आवाज कुरतडत नेला होता. जसजसा तो कमी येत गेला तसतसा उमाजी बटण चढवत गेला. त्याच्या कानाला चाव्या कायम सारख्याच वाजत होत्या. नात पैंजण घालून चालायला लागल्यापासनं शाळेत जायला लागेपर्यंत जेवढं काम त्याच्या हातनं गेलं, ते सगळं त्याला त्या संध्याकाळी आठवत बसावं लागलं. जेवला नाही. मंदाताईंनीही आग्रह केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दौलतगंजात भजनी मंडळाच्या खोलीवर गेला. मंडळाचे प्रमुख गोविंदराव, जुने कीर्तनकार, पेटी पुसत बसले होते. उमाजी नमस्कार करून थेट स्पीकरच्या खोक्याकडं गेला. हे खोकं त्यानंच वर्षभरापूर्वी नीट करून, सगळ्या मंडळादेखत चाव्या हलवून दिलं होतं. त्यानं पुढचं जाळीचं कापड उचकटलं. आत, वरच्या आवाजाच्या भोंग्यापुढं, तपकिरी लोकरीची शाल चार पदरी घडी करून ठोसलेली.

"हे काय?"

गोविंदरावांचा हात पेटीवर थांबला. "ती... थंडीची ठेवली असेल कुणी."

"स्पीकरला थंडी?"

"उंदीर फार झालेत इथं."

"गोविंदराव."

"बसा तर आधी. चहा सांगतो."

"शाल कुणाची आहे?"

"माझीच," गोविंदराव म्हणाले. मग पेटीचं झाकण लावून टाकलं. "उमाजीराव, तुम्ही चाव्या वाजवून हो म्हणालात. सगळं मंडळ बसलं होतं. त्याच्यावर मी कसं म्हणणार, की झांजा कानात घुसतात? तुमच्या तोंडावर? आपल्यात असं बोलतात का कुणी?"

"नाही बोलत. मग बाकीच्यांनी काय ठोसलंय?"

गोविंदराव आधी नाही-नाही म्हणाले. मग निघालं एकेक. एका गणपतीच्या स्पीकरमधे सतरंजीचा तुकडा. एका कथेकरी बुवांकडं पंचा. एकांनी तर नुसता कापूस. उमाजी काम करून जायचा, लोक चहा पाजायचे, दारापर्यंत पोचवायला यायचे आणि मग आत जाऊन कापड ठोसायचे. कुणी तक्रार केली नाही, कुणी दुसऱ्याकडं गेलं नाही. मोठ्या माणसाचा मान राखायची ही आपली जुनी तऱ्हा.

"आंधळ्याचा हात धरून रस्ता ओलांडून देतात, तसं केलंत तुम्ही," उमाजी म्हणाला. "फक्त तो आंधळा आहे हे त्याला कळू दिलं नाहीत."

"वाईट मनानं नाही केलं."

"ते ठाऊक आहे. म्हणून तर शिव्या देता येत नाहीत."

त्यानं शाल ओढून काढली, झटकली. ठिकठिकाणी भोंग्याच्या कडेचे डाग पडले होते. ती गोविंदरावांच्या मांडीवर ठेवली आणि ॲम्प्लिफायर उघडला.

"झांज घ्या हातात. माइकपुढं वाजवा. मी विचारीन तेव्हा खरं बोला."

गोविंदरावांनी झांज वाजवली.

"कसं येतंय?"

"छान आहे."

"गोविंदराव."

"...थोडं टोचतंय."

"आता?"

"आता बरं... नाही, अजून टोचतंय थोडं. रागावू नका."

"रागावतोय कुठं. वाजवा."

एवढ्या थंडीत गोविंदरावांच्या कपाळावर घाम आला होता. आयुष्यभर हजारो लोकांपुढं बोललेला माणूस, पण एका माणसाच्या तोंडावर खरं बोलायची सवय नव्हती. दुपारपर्यंत दोघं तसेच बसले. शेवटी गोविंदराव म्हणाले, आता कापड लागणार नाही. उमाजीनं मान हलवली. चाव्या कमरेलाच होत्या, त्यांना हात लावला नाही.

मग तो बाकीच्या ठिकाणीही गेला. प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य बोलायचा: "वरचा आवाज मला ऐकू येत नाही. तुम्ही ऐकून सांगाल तर नीट करून देतो." आठवड्याच्या आत हे टोपी बाजारात सगळ्यांना कळलं. काही लोकांनी हळहळ केली नि दुरुस्तीला दिलेले ॲम्प्लिफायरचे डबे परत नेले. लग्नाचे मांडव घालणारा एकजण हसून म्हणाला, बहिऱ्याकडं आवाज करायला द्यायचा म्हणजे कमाल आहे. उमाजीनं त्याचा डबा स्वतः उचलून त्याच्या हातगाडीवर ठेवला. जुनी चार-पाच गिऱ्हाइकं राहिली.

पुढच्या शनिवारी अश्लेषा आली. उमाजीनं तिलाही तेच वाक्य ऐकवलं.

"दुसरा कुणी बघायचा असला तर बघ. खोकं मी रिक्षात ठेवून देतो."

"दुसरा आहे कुठं, काका?" ती म्हणाली आणि गिटार काढली.

मंदाताई आज डबा नसतानाही आल्या होत्या. स्टूल भिंतीला लावून बसल्या. उमाजीनं आपण घातलेला तो मोठा कंडेन्सर उपसून काढला नि त्याच्या जागी सगळ्यात लहान लावला. खालचा आवाज त्याला अजून पुरता ऐकू येत होता, तेवढा त्यानं स्वतः बघितला, खोक्यावर तळहात ठेवून. मग तो बाजूला झाला.

"मार."

अश्लेषानं तारांवर हात मारला. खोकं गुरगुरलं, फाटलं, आणि फाटलेल्यातनं सहा तारा वर आल्या. उमाजीनं ह्या वेळी डोळे मिटले नाहीत. तो खोक्याकडं बघतच नव्हता. मंदाताईंच्या उजव्या हाताकडं बघत होता. हात मांडीवर होता. अश्लेषानं आणखी एकदा, जोरात वाजवलं. हात थोडा उचलला, पदरापर्यंत गेला, थांबला.

"झालं, काका?" अश्लेषानं विचारलं.

"मला काय विचारतेस?" तो म्हणाला आणि बायकोकडं बघत राहिला.

मंदाताईंनी थोडा विचार केला. त्यांना घरी जायची घाई होती, कणीक भिजवायची होती, आणि हो म्हणणं सगळ्यात सोपं होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "अजून टोचतंय."

उमाजीनं सोल्डरिंग आयर्न परत तापायला लावलं.